संकल्पांक एक्क्याण्णव

मुलीचा संकल्पांक एक्क्याण्णव आला तेव्हा प्रा. प्रल्हाद भिरूडांनी तो तीन वेळा तपासला आणि तिन्ही वेळा मनातल्या मनात पेढे वाटले. प्रत्यक्षात वाटता येत नव्हते, कारण निकाल गोपनीय होता. गोपनीय असल्यामुळे तो चार वाजेपर्यंत कँटीनमध्ये पोचला आणि पाचपर्यंत मुलीला कळला.

मुलगी म्हणजे गार्गी. तापीतीर विद्यापीठात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. भिरूडसर त्याच विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत, सतरा वर्षं, तासिका तत्त्वावर. सतरा वर्षं माणूस तात्पुरता राहू शकतो हे संख्याशास्त्रात बसत नाही, पण शिक्षणखात्यात बसतं. संकल्पमापनाचं काम त्यांनी अंगावर घेतलं ते एवढ्यासाठीच की ते नीट पार पडलं तर कायम करू, असा शब्द मिळाला होता.

केळी गेली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मुळांतून चढणारी बुरशी. एका हंगामात तापीचा हा काठ पिवळा पडला, दुसऱ्या हंगामात तो काठ. बागांचं काय झालं ते वर्तमानपत्रांनी छापलं. पण बागांच्या मागे काय काय उभं होतं ते कुणी मोजलं नव्हतं. केळी पिकवायच्या थंड खोल्या, खोक्यांचे कारखाने, ट्रक, वजनकाटे, वेफर तळणारे, आणि या सगळ्यांची शिकलेली मुलं. बापाच्या धंद्यात जायचं नाही म्हणून ती विद्यापीठात आली होती. आता बापाचा धंदाच उरला नव्हता, त्यामुळे त्याला नकार द्यायचीही सोय गेली.

संकटात सरकार आधी समिती नेमतं आणि मग तरुणांकडे आशेने पाहतं. समितीने शिफारस केली की विद्यार्थ्यांनीच उद्योग उभारावेत. किती जणांचा तसा इरादा आहे हे कळावं म्हणून पहिल्या वर्षी प्रश्नावली वाटली. ‘स्वतःचा उद्योग सुरू करण्याची माझी तीव्र इच्छा आहे’, समोर ‘पूर्णतः सहमत’पासून ‘पूर्णतः असहमत’पर्यंत सात चौकटी. पहिल्या बाकावरच्या मुलीने जिथे खूण केली तिथेच ती शेवटच्या बाकापर्यंत होत गेली. सत्त्याण्णव टक्के मुलं तीव्र इच्छुक निघाली. वर्षभरात त्यांतल्या अकरा जणांनी उद्योग काढला, आणि त्या अकरांतल्या नऊ जणांनी स्पर्धा परीक्षांचे क्लास काढले.

म्हणून दुसऱ्या वर्षी यंत्र आलं.

यंत्र म्हणजे एक टोपी, आतून मऊ, तीनशे संवेदक असलेली. तिच्यामागचं शास्त्र सोपं होतं आणि खरंही होतं. माणूस नुसती इच्छा करतो तेव्हा मेंदूत शेवटचं चित्र उमटतं: दुकान झालंय, पाटी लागलीय, हार घातलाय. खरा इरादा असेल तेव्हा मेंदू चित्र काढत बसत नाही, तो तालीम करतो. आधी कुठे जायचं, कुणाला गाठायचं, कुठलं दार बंद असेल, मग कुठून वळायचं. वाटा लक्षात ठेवणारा मेंदूचा भाग आणि हातापायांना हुकूम सोडणारा भाग एकमेकांशी बोलू लागतात. माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो आणि आत त्याची पावलं पडत असतात. ही पावलं टोपीला ऐकू येतात. तोंडाने खोटं बोलता येतं, तालमीत येत नाही. जी केली तीच केलेली असते.

पण पावलं कशाची, हे टोपीला आपलं आपण कळत नाही. ते आधी शिकवावं लागतं. त्यासाठी चाळीस यशस्वी उद्योजकांच्या मेंदूंचे नमुने घ्यायचे होते. यंत्राने ते नमुने घोकायचे आणि विद्यार्थ्यांची तालीम त्यांच्याशी जितकी जुळेल तितके गुण द्यायचे, शंभरपैकी. साठच्या वर गेला तो उद्योजक.

साठच्या वर गेलेल्याला बीजनिधी मिळणार होता, आणि त्याबरोबर संकटकालीन अध्यादेशाचं कलमही लागू होणार होतं. पाच वर्षं जिल्हा सोडायचा नाही, तोवर पदवीचं मूळ प्रमाणपत्र आणि पासपोर्ट विद्यापीठात जमा. नको म्हणायची सोय नव्हती, कारण संमती प्रवेशअर्जाच्या चौदाव्या पानावर आधीच घेतलेली होती. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. गार्गीच्या अर्जावर पालक म्हणून भिरूडसरांची होती. त्यांनीही चौदावं पान वाचलं नव्हतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलापुढे रुबाब तडवी येऊन उभा राहिला. बी.कॉम.चा हा मुलगा वसतिगृहाच्या फाटकाशी विजेच्या दुचाक्या दुरुस्त करायचा. बॅटऱ्या भाड्याने द्यायचा. हाताखाली दोन माणसं होती, आणि संकटात त्याने तिसरं ठेवलं होतं. अख्ख्या विद्यापीठात उद्योजक म्हणून बोट दाखवावं असा तो एकटाच.

“सर, माझे नऊ आले,” तो म्हणाला. “दुकान बंद करू का?”

भिरूडसरांनी त्याला बसवलं आणि टोपीखाली असताना कसला विचार केला ते विचारलं. रुबाबने आठवून सांगितलं की विशेष काही नाही, एका गाडीचं मागचं चाक खोलायचं होतं, तेच डोक्यात होतं. मग नवीन शाखा, मोठा रस्ता, असं काही? सरांनी आशेने विचारलं. रुबाब हसला. “मी कुठं जाऊ राहिलो, सर? गिऱ्हाईकच इथं येतं.”

तो गेल्यावर सर बराच वेळ नऊ या आकड्याकडे बघत बसले. संख्याशास्त्राच्या माणसाला एखादा आकडा बोचतो, तसा तो बोचत होता. दुपारी प्रयोगशाळा रिकामी असताना त्यांनी त्या चाळीस नमुन्यांच्या मूळ फायली उघडल्या.

ते नमुने त्यांनीच गोळा केले होते. विज्ञानासाठी अर्धा तास द्या म्हटल्यावर चाळीसातला एकही उद्योजक आला नव्हता. तेव्हा सरांनीच युक्ती काढली होती की सत्कार ठेवू. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. चाळीसच्या चाळीस आले, शिवाय दोघे न बोलावता आले. व्यासपीठावर चाळीस जणांना ओळीने बसवून फेट्यांऐवजी टोप्या चढवल्या. ‘आपण आपला उद्योग कसा सुरू केलात ते आठवा’ ही सूचना मागच्या पडद्यावर झळकत होती, म्हणजे उद्योजकांच्या पाठीमागे. एकूण कार्यक्रम तीन तास चालला.

फायलींत वेळेचे शिक्के होते. कार्यक्रमाचं चित्रीकरणही होतं. सरांनी दोन्ही शेजारी लावलं. दीपप्रज्वलनाला रेषा सपाट. स्वागतगीताला सपाट. अध्यक्षीय भाषण सुरू झालं आणि विसाव्या मिनिटाला चाळीसही रेषा चढू लागल्या. वाटांचा भाग जागा झाला, पायांचा भाग जागा झाला. गाडी कुठल्या फाटकाशी उभी आहे, कुणाच्या मागून सटकायचं, वाटेत कोण गाठेल, त्याला काय सांगायचं. पाहुणे चेहरा प्रसन्न ठेवून पुढे बघत होते आणि आत प्रत्येक जण पाऊल पाऊल मोजत बाहेर पडत होता. आभारप्रदर्शनाला रेषांनी कळस गाठला होता. यंत्राने इमानेइतबारे तोच कळस घोकला होता.

टोपीला उद्योग माहीतच नव्हता. तिला निघून जाणं माहीत होतं.

सरांनी खात्री करायची म्हणून साठच्या वरची दोनशे तेरा नावं घेतली आणि कार्यालयातलं बोनाफाईड दाखल्यांचं रजिस्टर मागवलं. त्यात दाखला कशासाठी हवा याचा एक रकाना असतो. पहिल्या पानावरच यादीतली चार नावं सापडली, चौघांच्याही रकान्यात ‘पासपोर्ट’. पाचवं नाव गार्गी प्रल्हाद भिरूड. अक्षर तिचंच होतं, गोल आणि सुबक.

त्यांनी रजिस्टर मिटलं. त्यांना आधी दुःख झालं नाही. आधी जे झालं त्याची त्यांना नंतर लाज वाटली. मनात आलं, म्हणजे आता तिला जाता येणार नाही. पाच वर्षं.

तीन दिवस त्यांनी हे कुणालाच सांगितलं नाही. त्या तीन दिवसांत त्यांची भूक वाढली. गार्गी जेवायला बसली की ते तिला, धंदा काय काढशील, जागा कुठे बघायची, असं उगाच विचारायचे. ती “बघू” म्हणायची आणि बट्टी वरणात कुस्करत राहायची. एकदा तिने मान वर करून विचारलं की समजा एखाद्याला बीजनिधी नकोच असेल तर? सरांनी चौदावं पान समजावून सांगितलं, खुलाशासकट. ती ऐकून घेऊन उठली. ताटात बट्टी अर्धी राहिली होती.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांच्याने राहवलं नाही. प्रमिलाताई ओट्याशी वांगी भाजत होत्या. सरांनी टोपी, सत्कार, रेषा, रजिस्टर, सगळं बायकोला सांगितलं. बरंच शास्त्र सांगून झाल्यावर म्हणाले, “म्हणजे आपली गार्गी जायचं म्हणतेय. अगदी नक्की.”

प्रमिलाताईंनी वांगं उलटलं. “विशाखापट्टणमला,” त्या म्हणाल्या. “समुद्रात पवनचक्क्या उभ्या केल्यात, त्यांच्या देखभालीचं शिक्षण आहे. दोन वर्षांचं. मग जिथं पाठवतील तिथं.”

“तुला तिने सांगितलं?”

“नाही. दिवाळीपासून ती चढायच्या दोराच्या गाठी मारू राहिली, पडद्याच्या दोरीला. मी विचारलं, तर बोलली.” वांग्याचं साल सोलत त्या थांबल्या. “तुम्हाला टोपी लागली.”

सरांनी विचारलं की मग मला का नाही सांगितलंस. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या की ती तुम्हाला सांगणारच होती, पण तुम्ही एक्क्याण्णव घेऊन इतके खूश होऊन आलात की तिचं धाडस झालं नाही. आणि आता म्हणे जाताच येत नाही. सही तुमचीच आहे ना त्याच्यावर?

त्या दिवशी भिरूडसर प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी यादी उघडली. मापन-अधिकारी म्हणून त्यांच्या हातात एकच हत्यार होतं. नियम अकरा: टोपीचा टाळूशी संपर्क नीट झाला नसेल तर ते मापन बाद करून फेरमापन घेता येतं. त्यांनी गार्गीच्या नावापुढे कारण लिहिलं, ‘केसांना तेल’. मग वरच्या नावाकडे पाहिलं. कुणा ढाकेचा मुलगा होता, बापाचा खोक्यांचा कारखाना बंद पडलेला. त्याच्यापुढेही तेल लिहिलं. एकीचंच खोडलं असतं तर ते नुसते बाप ठरले असते, दोघांचं खोडलं की कुठे थांबायचं हे ठरवता येईना. संध्याकाळपर्यंत दोनशे तेरा डोक्यांना तेल लागलं.

कागद घेऊन ते उद्योजकता कक्षाच्या संचालक डॉ. सुभद्रा वारके यांच्याकडे गेले. मॅडमनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली.

“दोनशे तेरा जणांच्या डोक्याला एकाच आठवड्यात तेल?”

“उन्हाळा आहे, मॅडम.”

त्यांनी कागद खाली ठेवला आणि खरं काय ते विचारलं. सरांनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं मॅडम चिडतील, निदान घाबरतील, चाळीस नमुने मंत्रालयात सीलबंद होऊन गेलेत म्हणतील. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मैदानाच्या पलीकडे केळीची जुनी पड जमीन होती, तिच्यावर आता सौरपट्ट्या टाकायचं चाललं होतं.

“भिरूडसर, तुम्ही म्हणता तसं यंत्र चुकलेलं नाहीये,” त्या म्हणाल्या. “मोजतंय ते बरोबर मोजतंय. आपण त्याला नाव चुकीचं दिलं. आणि खरं सांगू का? हे वर कळलं तर ते बंद करणार नाहीत. त्यांना हेच हवंय. कोण जाणार ते आधी कळलं तर आधी धरून ठेवता येतं. जिल्हा रिकामा होतोय, सर. दवाखान्यात नर्स नाही. माझा मुलगा गेला तेव्हा अशी टोपी असती तर मी स्वतः त्याच्या डोक्यावर दाबून बसवली असती.”

तीन दिवस सरांनी स्वतः दुसरं काय केलं होतं?

मॅडमनी पेन उघडलं. “आणि त्याने मला जन्मभर माफ केलं नसतं. फेरमापनाचा आदेश देते. टोपी तीच, नमुने तेच. पुन्हा आकडे वर आले तर मी काही करू शकणार नाही. आणि तेलाच्या चौकशीला तोंड तुम्ही द्यायचं. तुमची कायम करण्याची फाईल माझ्याकडेच आहे, ती यापुढे माझ्याकडेच राहील. समजलं ना?”

सर म्हणाले, समजलं. मॅडमनी सही केली. सतरा वर्षांत इतक्या झटकन कुठल्याही कागदावर सही झालेली त्यांनी पाहिली नव्हती.

दोनशे तेरा मुलांना सभागृहात बोलावून सरांनी टोपीचं शास्त्र शिकवलं. पाऊण तास, फळ्यावर आकृत्या काढून, एरवीच्या तासासारखंच. टोपी काय ऐकते ते सांगितलं. कळसाची गोष्ट सांगितली तेव्हा हशा पिकला आणि मग हळूहळू विरला, कारण आपला आकडा कशाचा होता हे एकेकाला कळत गेलं. मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारलं, की सर, मग फेरमापनात आकडा खाली आणायचा तर काय करायचं? डोकं रिकामं ठेवायचं का?

“रिकामं डोकं टोपी बाद ठरवते,” सर म्हणाले. “प्रश्न तोच असेल. पुढच्या वर्षी या दिवशी कुठे असाल, काय करत असाल, ते पायरी पायरीने मनात करा. वेळ सात मिनिटं. नाटक चालत नाही. जायचं असेल, तर ती सात मिनिटं इथं राहावं लागेल. खरोखर.”

त्या दिवशी गार्गी त्यांच्याबरोबर स्कूटरवर घरी आली. पूल ओलांडल्यावर तिने मागून विचारलं, “पप्पा, आईला सांगायच्या आधी तुम्हाला किती दिवस माहीत होतं?”

“तीन.”

“तीन दिवस काय केलं?”

“खूश होतो,” सर म्हणाले.

उतरताना तिने त्यांच्या खांद्याला धरलं, आणि उतरल्यावरही क्षणभर सोडलं नाही.

फेरमापन आठवडाभर चाललं. काचेच्या खोलीत खुर्ची, बाहेर सर, त्यांच्यापुढे पडद्यावर फक्त एक आकडा. आत काय चाललंय ते टोपीला कळत नाही, त्यामुळे सरांनाही कळत नसे. आकडा तेवढा हलायचा. कुणी पहिल्याच मिनिटाला उतरायचं, कुणी शेवटच्या. ढाकेंचा मुलगा चाळीसवर आला आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. एक मुलगी उतरून तेहतीसवर आली आणि जाताना म्हणाली की सर, मी बहुतेक राहीनच. सगळ्यांना मात्र जमलं नाही. सव्वीस जणांचा आकडा काही केल्या साठच्या खाली येईना. त्यांना इथे राहायची सात मिनिटंसुद्धा दिसत नव्हती. ज्यांना गावात पुढचं वर्ष दिसतच नव्हतं त्यांनाच आता पाच वर्षं इथे काढायची होती. सरांनी त्यांची नावं वेगळ्या कागदावर लिहिली. त्या कागदाचं पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी अकराला गार्गीची पाळी आली. तिने टोपी स्वतःच चढवली. नियमाप्रमाणे सरांनी ध्वनिक्षेपकावरून प्रश्न वाचला, नियमाप्रमाणे “विद्यार्थिनीने डोळे मिटावेत” असं सांगितलं. तिने मिटले.

एक्क्याण्णव. एक्क्याण्णव. नव्वद. दोन मिनिटं आकडा तिथेच अडला. पावलं रोजच्या वाटेने चालली होती, ती वळवणं सोपं नव्हतं. सरांना वाटलं, नाही होणार. आणि त्याच वेळी, तीन दिवस जे मन खूश होतं ते पुन्हा जरा हललं. ते त्यांनी ओळखलं, त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ते नुसते बघत राहिले.

तिसऱ्या मिनिटाला शहात्तर झाले. तिचा उजवा हात खुर्चीच्या हातावर किंचित फिरला, काहीतरी आवळल्यासारखा. त्रेसष्ट. एकोणपन्नास. ती कपाळाला आठ्या घालून बसली होती, लहानपणी गणित सोडवताना बसायची तशी. पाचव्या मिनिटाला ती मध्येच हसली. तीस. मग आठी गेली, चेहरा सैल झाला, आणि आकडा जिना उतरावा तसा उतरत गेला. चोवीस. एकोणीस. चौदा. शेवटचं अख्खं मिनिट तो बारावर होता.

सरांना संख्या वाचता येत होत्या. समोर काचेपलीकडे त्यांची मुलगी पुढचं वर्ष इथं राहत होती. तालीम खोटी करता येत नाही.

घंटा वाजली. गार्गीने टोपी काढून ठेवली आणि दार उघडून बाहेर आली. डोळे लाल होते. अर्जावर विचारायचा प्रश्न एकच होता, मापनादरम्यान काही त्रास झाला का. सरांनी तो विचारला. ती म्हणाली, नाही. मग सरांनी अर्जावर नसलेला प्रश्न विचारला.

“काय काय केलंस?”

“गच्चीवरच्या टाकीचा नळ बदलला. आईला मोतीबिंदूला नेलं, ती नको नको म्हणत होती. एका दुकानात कामाला जायला लागले.” तिने नाक पुसलं. “तुमच्याशी भांडले.”

“कशावरून?”

“ते अजून कळायचं होतं,” गार्गी म्हणाली. “वेळ संपली.”

सरांनी रकान्यात बारा लिहिले, खाली सही केली, आणि पुढचं नाव पुकारलं.